जत्रेतला शिलेदार

अंगावर वीस-पंचवीस किलोंचे लोखंडी चिलखत चढवलेला एक धिप्पाड गृहस्थ घोड्यावरून खाली उतरतो, पावलागणिक खणखण वाजत कुंपणापाशी येतो, चार-पाच वर्षांच्या एका पोरीपुढे गुडघा टेकतो आणि तिच्या तळहातावर काचेचा एक चपटा मणी ठेवतो. मण्याची किंमत करायची झाली तर फार थोडी. आपल्याकडे फुटक्या बांगडीचा तुकडा जितका मोलाचा, तितकाच तो. पण ती पोर मूठ अशी घट्ट मिटते की पुढे दिवसभर ती उघडत नाही. मक्याचे कणीस खायचे असले तरी दुसऱ्या हाताने खाते.

श्रोतेहो, हे दृश्य मी अमेरिकेत पाहिले, 2019 सालच्या सप्टेंबर महिन्यात. माझा धाकटा भाऊ तिकडे मेरीलँड राज्यात नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे महिनाभर गेलो होतो. एका रविवारी भाऊ म्हणाला, "दादा, तू इतिहास शिकवतोस ना, चल, तुला एक जत्रा दाखवतो." म्हटले, अमेरिकेत कसली आली आहे जत्रा? ना देव, ना देऊळ, ना पालखी. पण गेलो. बरोबर माझी पुतणी होती, सात वर्षांची. आज मी जे सांगणार आहे ते मुख्यतः तिच्यामुळे.

या जत्रांना तिकडे 'रेनेसान्स फेअर' म्हणतात. रेनेसान्स म्हणजे युरोपातला प्रबोधनकाळ, ढोबळमानाने चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतचा. गावाबाहेर झाडीत एक खोटे गाव उभारलेले असते. लाकडी दुकाने, लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, नाटकाचे उघडे रंगमंच, आणि एका बाजूला घोड्यांचे मैदान. जत्रा आठवड्याच्या सुटीला भरते आणि अशी काही आठवडे चालते. तिथे काम करणारी मंडळी सोळाव्या शतकातले पोशाख घालतात आणि बोलतातही जुन्या धाटणीची इंग्रजी. तुम्ही पाणी मागायला गेलात तरी तुम्हाला 'सरकार' म्हणून मुजरा. बहुतेक जत्रांत राज्य असते ते इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे, म्हणजे 1558 ते 1603 या काळातले. कुठे तिच्या बापाचे, आठव्या हेन्रीचे. आता, चिलखती शिलेदार हे खरे तर त्याआधीच्या मध्ययुगाचे भूषण. एलिझाबेथच्या काळात तोफा-बंदुका आल्या होत्या आणि भाल्यांची झुंज हा दरबारी खेळ होऊन बसला होता. हे सारे एकाच मैदानात पाहून माझ्या कपाळाला आठी पडली, हे कबूल करतो. पण आठी पाडून घ्यायला का आपण जत्रेला जातो?

या जत्रांचा उगम मात्र, विशेषतः शिक्षक मंडळींनी, ऐकण्यासारखा आहे. लॉस एंजेलिस शहरात फिलिस पॅटर्सन नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्या मुलांना नाटक शिकवीत. जुन्या इटलीतले, संवाद पाठ न करता जागच्या जागी रचून करायचे नाटक मुलांना फार आवडते, असे त्यांच्या ध्यानात आले. घराच्या परसात मुलांना घेऊन त्यांनी लहानसा खेळ मांडला. पुढे त्यांनी आणि त्यांचे पती रॉन पॅटर्सन यांनी 1963 सालच्या मे महिन्यात, 11 आणि 12 तारखेला, पहिली मोठी जत्रा भरवली. कशासाठी, ठाऊक आहे? एका रेडिओ केंद्राला पैसे उभे करून देण्यासाठी! श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे ते केंद्र. दोन दिवसांत सुमारे 8,000 लोक आले. आपण रेडिओवरून बोलत-ऐकत आहोत म्हणून हे मुद्दाम सांगितले. एका शिक्षिकेचे परस आणि एक रेडिओ केंद्र, या दोहोंतून हा सारा पसारा वाढला. आज अमेरिकेत मोठ्या जत्राच कित्येक आहेत. मिनेसोटातली 1971 पासूनची, टेक्सासमधली 1974 पासूनची, मेरीलँडमधली 1977 पासूनची.

आता 'शिलेदार' या शब्दाविषयी. इंग्रजीत 'नाइट' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. सरदार म्हणावे तर तो फार मोठा होतो. आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार असा फरक होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. नाइटही असाच आपला घोडा नि चिलखत घेऊन धन्याच्या हाकेला धावणारा. शिवाय त्याला रीतसर दीक्षा असे. धनी तलवारीचे पाते खांद्याला लावून त्याला हा मान देई. तेव्हा आपण शिलेदारच म्हणू.

जत्रेत मुलांनाही अशी दीक्षा देतात बरे का. राणी किंवा तिचा सेनापती मुलाला गुडघे टेकायला लावतो, खांद्यावर तलवार टेकवतो आणि शपथ घ्यायला लावतो. 'आईबापांचे ऐकेन, धाकट्या भावंडांना मारणार नाही.' दात घासण्याचीसुद्धा शपथ असते. मुले अशी गंभीर चेहऱ्याने म्हणतात की आपल्या शाळेतली रोजची प्रतिज्ञा आठवून मला जरा लाज वाटली.

आणि मग ती छोटी आठवण. काचेचा मणी, रंगीत फीत, एखादे पीस, तांब्याच्या रंगाचे खोटे नाणे. आपल्याकडचा बहुरूपी सोंग घेऊन दारात येतो तो काही मागायला. हा सोंगाडी उलट देऊन जातो. सगळ्या जत्रेत फुकट मिळणारी वस्तू बहुधा एवढीच. बाकी आत जायला तिकीट, कणसाला पैसे, लाकडी तलवारीला पैसे. मी एका शिलेदाराला विचारले, हे मणी तुम्हाला जत्रेची मंडळी देतात का? तो हसला. म्हणाला, मीच आणतो, फुलदाणीत घालायचे मणी मिळतात ते, पिशवी भरून. आठवडाभर तो कुठल्याशा गोदामात हिशेब ठेवतो.

जुन्या काळी मात्र ही देणगी उलट्या दिशेने जात असे, आणि माझ्या गोष्टीचा सांधा इथेच आहे. त्या काळी झुंजीला उतरणाऱ्या शिलेदाराला एखादी स्त्री आपली खूण देई. हातरुमाल, फीत, हातमोजा, नाही तर चक्क झग्याची बाही. त्या काळातल्या बाह्या वेगळ्या शिवून नाडीने बांधत, त्यामुळे एक काढून देता येई. मॅलरीने लिहिलेला आणि कॅक्स्टनने 1485 साली छापलेला आर्थर राजाच्या कथांचा मोठा ग्रंथ आहे. त्यात एलेन नावाची मुलगी लॅन्सलॉट या वीराला मोत्यांनी भरलेली तांबडी बाही देते, आणि तो ती शिरस्त्राणावर बांधून झुंजतो. तो एरवी कुणाची खूण बांधीत नसे. या वेळी बांधली, का, तर आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून! पुढे त्यावरून राणी रुसली आणि ती बिचारी एलेन प्राणाला मुकली. ही झाली कथा. इतिहासातले उदाहरण हवे असेल तर एलिझाबेथ राणीचा जॉर्ज क्लिफर्ड हा सरदार घ्या. 1590 साली तो राणीचा मुख्य झुंजार झाला. हिलियर्ड या चित्रकाराने काढलेले त्याचे लहानसे चित्र आजही आहे; त्यात त्याने टोपीला राणीचा हातमोजा खोचला आहे.

त्या खुणेमागे जीवाचा सौदा असे, हे विसरून चालणार नाही. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याला झुंजीचे भारी वेड. 1559 सालच्या जून महिन्याची 30 तारीख. पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नांचा समारंभ चालला होता. राजाच्या अंगावर काळा-पांढरा वेश. हे रंग डियान या त्याच्या आवडत्या स्त्रीचे. लग्नाची राणी कॅथरिन वर बसून पाहत होती. माँगोमेरी नावाच्या तरुण अधिकाऱ्याशी शेवटची फेरी झाली. त्याचा भाला राजावर आदळून मोडला आणि मोडक्या टोकाच्या ढलप्या शिरस्त्राणाच्या फटीतून राजाच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसल्या. युरोपातले नामांकित वैद्य गोळा केले. वेसेलियससारखा शरीरशास्त्रज्ञ आला. उपयोग झाला नाही. दहा दिवस तळमळून 10 जुलैला राजा गेला. त्या राणीने पुढे तो राजवाडाच पाडून टाकवला.

ढलपी हा शब्द लक्षात ठेवा.

जत्रेतली झुंज म्हणजे बहुतेक ठिकाणी बसवलेला खेळ. मैदानाच्या मधोमध लांब लाकडी कठडा; त्याच्या दोन बाजूंनी दोन घोडेस्वार समोरासमोर भरधाव येतात आणि एकमेकांच्या ढालीवर भाला मारतात. हा कठडाही पंधराव्या शतकातली सोय, घोड्यांची टक्कर होऊ नये म्हणून. आजच्या भाल्याचे टोक बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे असते. ते मोडावे म्हणूनच बसवलेले असते. आदळले की कडाड असा आवाज होतो, तुकडे हवेत उडतात, आणि बाकांवर बसलेली हजार माणसे एकदम ओरडतात. काही मंडळी मात्र न बसवलेली, खरीखुरी झुंजही खेळतात. त्यात हाडे मोडतात. आणि अलीकडे त्यात बायकाही उतरतात.

खेळ संपला की शिलेदार मैदानातल्या ढलप्या गोळा करतात आणि कुंपणापाशी येऊन मुलांना वाटतात. ही झाली सर्वांत मानाची आठवण. मणी कुणालाही मिळतो. ढलपी मिळायला पुढे रेटून उभे राहावे लागते.

पुतणी पहिल्या रांगेत उभी होती. आमचा शिलेदार निळ्या झग्याचा. मोठ्या झोकात आला, मुलगे ओरडत होते त्यांच्या हातांत एकेक ढलपी दिली, आणि मुलींना एकेक कागदी गुलाब. सगळीकडे असेच करतात असे नव्हे. त्या दिवशी त्या माणसाने तसे केले, आणि अतिशय प्रेमाने केले. पुतणीने गुलाब घेतला. दुसरा हात मात्र तसाच पुढे धरून ठेवला. त्याला वाटले, हिला आणखी एक हवा. त्याने आणखी एक गुलाब दिला, मान लववली आणि गेला.

दोन गुलाब घेऊन ती परत आली. काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काका, मला लाकूड हवं होतं."

श्रोतेहो, मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. महाविद्यालयात येण्यापूर्वी चार वर्षे मी एका माध्यमिक शाळेत होतो. बक्षीस समारंभाचे काम माझ्याकडे असे. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला आम्ही चेंडू देत असू आणि पहिल्या आलेल्या मुलीला आरसा-कंगवा. ही यादी माझ्या हातची. मागच्या वर्षीची यादी पुढे ओढली, एवढाच विचार केलेला. एका वर्षी एका मुलीने आरसा-कंगवा घेतला, नमस्कार केला आणि उतरताना तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून निघून गेली. मला वाटले, पोर विसरली. मी मागून हाक मारली, सगळ्यांच्या देखत परत बोलावले आणि तो तिच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने काय केले ते मी पाहिले नाही. पाहण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही. वीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, सात वर्षांच्या पोरीने हात पुढे धरला तेव्हा कळले.

मी म्हणालो, "चल, आपण जाऊन मागू. देईल तो."

"मागून नको," म्हणाली.

आता मागून नको म्हटल्यावर इतिहासाच्या मास्तरने काय करावे? गोष्ट सांगावी. झाडाखाली बसून तिला बाहीची गोष्ट सांगितली, हातमोज्याची सांगितली. पूर्वी शिलेदार देत नसे, त्यालाच मिळत असे, हेही सांगितले. हेन्री राजाच्या डोळ्याचे सांगितल्यावर भावजय रागावली. लहान मुलीला कशाला असले, म्हणाली. पण पुतणीने दोनदा विचारले, "त्याला किती दुखलं?" मग म्हणाली, "आता तसं टोक का नाही लावत?" म्हणजे कारण-परिणाम बरोबर जुळले होते. परीक्षेत पदवीच्या मुलांना इतके जुळवता येत नाही.

संध्याकाळी दुसरा खेळ होता. शिलेदार मैदानात येऊन एक फेरी मारतात, प्रेक्षकांकडून जयघोष घेतात. निळा शिलेदार आमच्या बाजूला आला तेव्हा ही कुंपणाच्या खालच्या दांडीवर चढली आणि तिने एक गुलाब त्याच्यापुढे धरला. बोलली काहीच नाही. त्याने घोडा थांबवला. पाच-सहा पळे तो पाहत राहिला. त्याला हा जुना रिवाज ठाऊक होता. नसता तर गुलाब हुंगून पुढे गेला असता. त्याने ढाल सेवकाकडे दिली, वाकून गुलाब घेतला, लोखंडी हातमोज्याने ते काम होईना म्हणून मोजा काढला, आणि खांद्याच्या पट्ट्यात गुलाब खोचला. मग तिला वाकून मुजरा केला. आमच्या बाजूचे लोक असे काही ओरडले म्हणता!

तिसऱ्या फेरीत त्याचा भाला मोडला. खेळ संपल्यावर तो दुसऱ्या कुणाकडे न जाता सरळ आमच्याकडे आला. हातात वीतभर लांबीची ढलपी. त्याने ती दोन्ही हातांनी दिली. हिने एका हाताने घेतली, कारण दुसऱ्या हाताने ती दांडी धरून उभी होती.

तो आधीच्या खेळातही मुलींना ढलप्या देत नव्हता आणि या खेळातही दुसऱ्या मुलींना गुलाबच मिळाले, हेही सांगितले पाहिजे. एका पोरीने रीत बदलली असे काही झाले नाही. मेरीलँड राज्याने 1962 सालीच भाल्याच्या घोडेस्वारीला आपला राजखेळ ठरवले आहे. तो प्रकार निराळा. तिथे समोर माणूस नसतो. दोरीला टांगलेल्या कड्या भरधाव घोड्यावरून भाल्यात ओवायच्या, आणि कडी लहान लहान होत शेवटी पाव इंचाची होते. त्या खेळात बाई-पुरुष असा भेद नाही, एकाच रांगेतून धावतात. भावाला मी हे सांगितले. घोड्यावर बसायला शिकवण्याची फी त्याने चौकशी करून काढली आणि तो गप्प बसला.

मुलांना जत्रेतून काहीतरी घेऊन घरी जायचे असते, हे तर फार जुने. लंडनमध्ये 1133 सालापासून 1855 सालापर्यंत, सातशे वर्षांहून अधिक काळ, बार्थोलोम्यूची जत्रा भरत होती. तिथल्या बाहुल्या प्रसिद्ध होत्या. जत्रेतून आणलेल्या भेटवस्तूला इंग्रजीत वेगळा शब्दच आहे, 'फेअरिंग'. त्याहून मला आवडते ते एक खेळणे. सन 1300 च्या सुमाराचे, कथील-शिशाचे, पोकळ ओतलेले, घोड्यावर बसलेल्या शिलेदाराचे. लंडनमध्ये सापडले, आणि तिथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे खरे शिलेदार रस्त्याने जात होते त्या काळातसुद्धा मुलांना मुठीत मावेल एवढा शिलेदार हवा होता. ते कुणाच्या मुठीत होते, आणि हरवले तेव्हा ते मूल किती रडले असेल, हे कुठल्या कागदात नाही.

मी परत निघालो त्या दिवशी विमानतळावर पुतणीने त्या ढलपीचा बोटभर तुकडा मोडून मला दिला. बाल्साच तो, सहज मोडला. "तुझ्या शाळेतल्या मुलांना दाखव," म्हणाली. महाविद्यालय आणि शाळा यांतला फरक तिला ठाऊक नाही. मी तो पुस्तकात घालून आणला.

डिसेंबरात आजोळच्या गावी गेलो होतो. तिथल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी माझे जुने स्नेही. त्यांच्या चौथीच्या वर्गात बसलो आणि हा तुकडा काढला. मुले म्हणाली, "एवढंच?" मग गोष्ट सांगितली. राजाची, डोळ्याची, बाहीची आणि पुतणीची. नंतर प्रश्न सुटले. घोड्याला लागत नाही का? राजाच्या डोळ्यातले लाकूड हेच का? ती मुलगी पडली का दांडीवरून? एकाने विचारले, गुलाबाचे पुढे काय झाले? ते मला ठाऊक नव्हते.

मग तुकडा हातोहात फिरला. पुढच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत, आणि मुलींच्या बाजूने परत. कुणी हुंगला, कुणी नखाने टोकरला, एकीने कानाला लावून पाहिला. माझ्या हातात परत आला तेव्हा तो पेराएवढा कमी झाला होता. गुरुजींनी छडीकडे पाहिले. मी म्हटले, असू द्या, आणि पुस्तक मिटले.